जोडताऱ्यांची साक्ष

(बी. ए. द्वितीय वर्ष)

लग्नात सप्तपदी झाली की वधूवरांना अरुंधती दाखविण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. हल्ली मुहूर्त बहुधा भर दुपारचे असतात. तरीही भटजीबुवा मांडवाबाहेर आकाशाकडे बोट करतात आणि नवरानवरी उन्हाने डोळे बारीक करून ‘दिसली’ म्हणून मोकळी होतात! थट्टा सोडून देऊ. पण ज्यांनी ही प्रथा घातली त्यांनी सप्तर्षींतील नेमकी एक जोडी निवडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वसिष्ठ आणि अरुंधती असे दोन तारे नुसत्या डोळ्यांना दिसतात. दुर्बिणीतून पाहिले तर एकटा वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो. १८८९ साली पिकरिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्या दोघांपैकी एकाच्या प्रकाशाचे पृथक्करण करून तोही जोडतारा असल्याचे दाखवून दिले. अरुंधतीलाही स्वतःचा एक जोडीदार आहे, हे तर २००९ मध्ये कळले.

आकाशातील अशा जोड्यांच्या फिरण्यावरून आज शास्त्रज्ञ दोन अदृश्य गोष्टींचा माग काढीत आहेत. एक म्हणजे गुरुत्वीय लहरी आणि दुसरी म्हणजे कृष्ण पदार्थ. हा विषय विज्ञान शाखेचा; कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात का पडावे, असे कोणीही विचारील. त्याला उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. माझे म्हणणे असे की, या ज्ञानाला मोठी यंत्रे लागतात हे खरे असले तरी त्याचा जीव वर्षानुवर्षे चोख ठेवलेल्या हिशोबात आहे. म्हणून ते कोणा एका शाखेच्या किंवा शहराच्या मालकीचे होऊ शकत नाही. आता तर त्यातील एक मोठे यंत्र आपल्याच मराठवाड्यात उभे राहावयाचे आहे. तेव्हा जमीन देणाऱ्या या प्रदेशाने ज्ञानातील आपला वाटाही मागितला पाहिजे.

प्रथम जोडतारा म्हणजे काय ते पाहू. दोन तारे परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असतात आणि दोघांच्या सामाईक मध्याभोवती फिरत राहतात. फुगडी खेळताना दोघी जणी हात धरून गिरक्या घेतात, तसेच हे. दोघी सारख्या वजनाच्या असल्या तर मध्य बरोबर मधोमध राहतो. एक अंगाने भारी असली तर तो तिच्याकडे सरकतो. १८०३ साली विल्यम हर्शेल यांनी पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांपैकी एकाच्या दीर्घ निरीक्षणावरून असे जोडतारे खरोखरच एकमेकांभोवती फिरतात हे दाखविले. न्यूटनचा जो नियम झाडावरून पडणाऱ्या फळाला, तोच नियम सूर्यमालेबाहेरच्या ताऱ्यांनाही लागू आहे, याचा हा मोठा पुरावा होता.

याहून मौजेची गोष्ट व्याधाच्या ताऱ्याची. थंडीच्या दिवसांत मृगाच्या मागे जो सर्वांत तेजस्वी तारा दिसतो तो व्याध. १८४४ साली बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाच्या असे ध्यानात आले की, व्याध आकाशात सरळ न सरकता किंचित नागमोडी सरकतो. त्याने अनुमान केले की, व्याधाला एक न दिसणारा जोडीदार असला पाहिजे आणि त्या दोघांची एक फेरी सुमारे पन्नास वर्षांची असली पाहिजे. पुढे अठरा वर्षांनी, १८६२ मध्ये, अमेरिकेत एक नवी दुर्बीण तपासून पाहताना आल्व्हन क्लार्क या तरुणाला तो अंधुक जोडीदार प्रत्यक्ष दिसला. फुगडीतील एकच मुलगी उजेडात असली तरी तिच्या झुकण्यावरून अंधारातील दुसरी ओळखता येते. जे दिसत नाही त्याची साक्ष जे दिसते त्याच्याकडून घ्यावयाची, अशी ही रीत आहे.

आता गुरुत्वीय लहरींकडे वळू. आइन्स्टाइन यांनी १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि १९१६ मध्ये त्यातून असे भाकीत केले की, जड वस्तू वेगाने फिरू लागल्या की खुद्द अवकाशातच लहरी उठाव्यात. या लहरी इतक्या क्षीण असतात की त्या कधी सापडतील असे अनेकांना वाटत नव्हते. मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची एक आडवाट होती. लहरी उठतात म्हणजे त्या फिरणाऱ्या जोडीची ऊर्जा खर्च होते. ऊर्जा खर्च झाली की दोघे जवळ येतात. जवळ आले की फेरी लवकर संपते. रांजणातील पाण्याची पातळी रोज बोटभर उतरत असेल तर कोठेतरी गळती आहे हे समजते. त्यासाठी पाणी वाहताना पाहावे लागत नाही. तसेच येथे लहर प्रत्यक्ष न पकडताही फेरीच्या वेळेवरून तिचा पत्ता लागू शकतो.

हे १९७४ च्या उन्हाळ्यानंतर शक्य झाले. प्वेर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीवर जोसेफ टेलर या प्राध्यापकांचा विद्यार्थी रसेल हल्स हा स्पंदक ताऱ्यांचा शोध घेत होता. स्पंदक तारा म्हणजे एका मोठ्या ताऱ्याचा मरणानंतर उरलेला गाभा. त्याचे वस्तुमान सूर्यापेक्षा अधिक, पण आकार एखाद्या शहराएवढा! तो स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरतो आणि दीपस्तंभाच्या झोतासारखे त्याचे रेडिओ स्पंदन ठराविक वेळाने आपल्यापर्यंत येते. निसर्गाने टांगलेले घड्याळच म्हणा ना! हल्सला सापडलेल्या घड्याळाची टिकटिक ५९ हजारांश सेकंदाची होती. पण ती कधी किंचित आधी येई, कधी किंचित उशिरा. प्रथम त्याला आपल्या मोजणीतच काही गफलत आहे असे वाटले. मग त्याच्या ध्यानात आले की, तारा कधी आपल्याकडे येतो आहे, कधी दूर जातो आहे. समोरून येणाऱ्या एस. टी.चा भोंगा चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की तोच उतरतो, त्यातला हा प्रकार. हा तारा एका न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती पावणेआठ तासांत एक फेरी पूर्ण करीत होता. तेव्हा हल्सचे वय होते तेवीस.

पुढे टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जोडीचा वर्षानुवर्षे हिशोब ठेवला. तिच्या फेरीचा वेळ दरवर्षी सुमारे ७६ दशलक्षांश सेकंदांनी कमी होतो आणि कक्षा वर्षाला सुमारे साडेतीन मीटरने आक्रसते असे त्यातून निघाले. एवढ्याशा फरकाला कोण विचारतो, असे वाटेल. पण प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लवकर संपत गेल्याने ही बचत साठत जाते, आणि तीस वर्षांत हा तारा आपल्या ठरलेल्या जागी सुमारे चाळीस सेकंद आधी हजर होऊ लागला! आइन्स्टाइनच्या सूत्रावरून जेवढा फरक पडावयास हवा होता, तेवढाच पडला. गुरुत्वीय लहरी आहेत याची ही पहिली साक्ष. हा जोडतारा गरुड तारकासमूहात आहे, म्हणजे आपले श्रवण नक्षत्र ज्या समूहात आहे त्यातच. श्रवण म्हणजे ऐकणे. नावाचा हा योग अगदी सहज जुळून आला आहे!

हल्स आणि टेलर यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९३ हे वर्ष आपल्या भागात निराळ्याच कारणाने स्मरणात आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने उमरगा आणि औसा तालुक्यांतील गावेच्या गावे भुईसपाट झाली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी स्टॉकहोममध्ये हे पारितोषिक जाहीर झाले. ढिगाऱ्यांपाशी बसलेल्या माणसांच्या कानावर ती बातमी जावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. दोन घटनांचा परस्परांशी काही संबंधही नाही. पण पायाखालची जमीन भरवशाची नसते हे या मुलुखाला कोणी शिकवावे लागत नाही. आणि ज्या शास्त्राविषयी मी लिहीत आहे त्याची सर्वांत मोठी अडचण नेमकी तीच आहे.

गुरुत्वीय लहर प्रत्यक्ष पकडण्याचे काम अमेरिकेतील लायगो या वेधशाळेने केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरील दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर तिच्या यंत्रांनी नोंदविली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जगाला जाहीर झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या काटकोनातील दोन नळ्यांतून लेसरचे किरण सोडून, अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी सूक्ष्म असा लांबीतील फरक हे यंत्र टिपते. गोंगाटातून अशी लहर कशी ओळखावी, याच्या गणिती पद्धतीवर पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी दोन दशकांहून अधिक काळ काम केले होते, हे मराठी वाचकांनी विसरू नये. मात्र जमिनीवरच्या यंत्राला जमिनीची प्रत्येक थरथर जाणवते. त्यामुळे सेकंदाला दहापासून हजारपर्यंत हेलकावे देणाऱ्या जलद लहरीच त्याला ऐकू येतात. संथ लहरी जमिनीच्या कंपनांत बुडून जातात. आकाशातील जोडताऱ्याला ही अडचण नाही. त्याच्या खाली जमीनच नाही!

संथ लहरी जोडताऱ्यांवरून कशा ओळखाव्यात, हा विचार आता पुढे आला आहे. पंचमीला लिंबाच्या फांदीला बांधलेला झोका आठवा. झोका मागे येऊन पुन्हा निघतो त्याच क्षणी मागची मैत्रीण हलकासा धक्का देते. जोर फारसा नसतो, पण दर वेळी ताल साधला की झोका उंच उंच जातो. ताल चुकला तर मोठा धक्काही वाया जातो. याला शास्त्रात अनुनाद म्हणतात. एखादी संथ गुरुत्वीय लहर अवकाशातून जाताना तिचा ताल आणि एखाद्या जोडताऱ्याच्या फेरीचा ताल जुळला, तर दर फेरीला मिळालेला नाममात्र धक्का साठत जाऊन त्या जोडीची कक्षा हळूहळू बदलेल. ज्यांच्या एका हेलकाव्याला काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो, अशा लहरी शोधण्यासाठी २०२२ मध्ये डिएगो ब्लास आणि अलेक्झांडर जेनकिन्स या दोन शास्त्रज्ञांनी हीच युक्ती सुचविली. त्यात त्यांनी स्पंदक ताऱ्यांच्या जोड्या तर घेतल्याच, शिवाय आपला चंद्रही घेतला. पृथ्वी आणि चंद्र ही देखील एकमेकांभोवती फिरणारी जोडीच नव्हे काय? जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या माणसांनी तेथे आरसे ठेवले. त्यांवर लेसर टाकून चंद्राचे अंतर तेव्हापासून मोजले जात आहे. जी मापे एका कामासाठी घेतली ती पन्नास वर्षांनी निराळ्याच कामाला आली. नोंद ठेवणाऱ्याला आपल्या नोंदीचा उपयोग आधी कळतोच असे नाही.

दुसरी अदृश्य गोष्ट म्हणजे कृष्ण पदार्थ. नाव कृष्ण असले तरी तो काळा नाही. तो प्रकाश देत नाही आणि अडवीतही नाही, म्हणून दिसत नाही. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना एका दीर्घिकासमूहात तो प्रथम जाणवला. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी दीर्घिकांच्या कडेचे तारे मोजले, तेव्हा ते अपेक्षेहून फार वेगाने फिरताना आढळले. जेवढा पदार्थ दिसतो तेवढ्याच्या आकर्षणाने असे तारे धरून ठेवता आले नसते. आजच्या हिशोबाने विश्वात हा न दिसणारा पदार्थ दिसणाऱ्या पदार्थाच्या सुमारे पाचपट आहे. बेसेलने व्याधाच्या बाबतीत केले तेच अनुमान हे. फक्त येथे तो जोडीदार अद्याप कोणाच्याही दुर्बिणीत आलेला नाही आणि तो कशाचा बनलेला आहे हेही उमगलेले नाही.

येथेही जोडतारे साक्षीला उभे आहेत, तेही दोन प्रकारांनी. कृष्ण पदार्थ जर अतिशय हलक्या कणांचा असेल तर त्याच्यामुळे गुरुत्वाकर्षणात ठराविक तालाने चढउतार होईल आणि झोक्याच्या न्यायाने स्पंदक जोड्यांच्या फेऱ्या बदलतील, असे ब्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले. उलट तो जर मोठमोठ्या गोळ्यांच्या रूपाने हिंडत असेल, तर परस्परांपासून फार दूर असलेल्या सैल जोड्या त्यांच्या धक्क्याने केव्हाच फुटावयास हव्या होत्या. अशा जोड्या तर आकाशात पुष्कळ आहेत! गाया या युरोपीय उपग्रहाच्या मापांवरून २०२१ मध्ये दहा लाखांहून अधिक सैल जोड्यांची यादी तयार झाली. २०२३ मध्ये याच उपग्रहाच्या मापांवरून एका संशोधकाने म्हटले की, दूरच्या जोड्यांत न्यूटनचा नियमच ढिला पडतो. दुसऱ्या गटाने म्हटले, नियम अगदी ठीक आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. एकाच पुराव्यावर दोघे भांडतात आणि पुरावा मात्र कोणालाही पुन्हा मोजून पाहता येतो, ही ज्ञानाच्या व्यवहाराची खूण आहे. आपल्या सार्वजनिक जीवनातील वादांना ही शिस्त लागली तर काय बहार होईल!

हे सारे परदेशात चालते असे समजण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या शेतशिवारांतून सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. या दुर्बिणीने शोधलेला पहिला स्पंदक तारा जोडताराच निघाला. यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो सेकंदाला सुमारे दोनशे गिरक्या घेतो आणि एकोणीस दिवसांच्या आत एका अतिलंबवर्तुळाकार कक्षेतून फेरी पुरी करतो. पुढे जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी मिळून आणखी संथ लहरींचा पुरावा जाहीर केला. या लहरींच्या एका हेलकाव्याला कित्येक वर्षे लागतात. त्या बहुधा दीर्घिकांच्या मध्याशी असलेल्या प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांपासून उठत असाव्यात. त्या कामातही खोडदच्या दुर्बिणीची मापे होती. जुन्नर तालुक्यातील शिवारात बसून विश्वाची नाडी पाहिली जाते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

आता मराठवाड्याची पाळी आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये आणि पूर्ततेचे लक्ष्य २०३० असे तेव्हा ठरले. येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, सोयाबीनला भाव मिळत नाही, तेथे ताऱ्यांच्या लहरी ऐकण्यासाठी एवढा पैसा कशाला? माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. मी हा विषय सांगितला तेव्हा आजोबांनी विचारले, ‘‘त्यानं पाऊस पडतोय का गं?’’ हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे मला वाटत नाही. कर भरणाऱ्याने आणि जमीन देणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे.

याचे प्रामाणिक उत्तर असे की, त्याने पाऊस पडणार नाही. परंतु ज्या सिद्धान्ताची परीक्षा जोडतारे घेतात, त्याचाच आधार आपल्या हातातील मोबाईलचा नकाशा घेतो. मार्ग दाखविणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ दशलक्षांश सेकंद पुढे जातात. आइन्स्टाइनच्या सूत्राने ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात नकाशा सुमारे दहा किलोमीटरने चुकेल. १९१५ मध्ये हा उपयोग कोणाच्या स्वप्नातही नव्हता. तरीही नुसत्या उपयोगाच्या तागडीत हे ज्ञान तोलणे मला पटत नाही. पाणी आणि ज्ञान यांत भांडण लावून देणारेच बहुधा दोन्हींची उपासमार करतात. टँकर बंद व्हावेत म्हणून जरूर भांडावे. पण मराठवाड्याला फक्त टँकरच शोभतो आणि वेधशाळा दुसरीकडे शोभते, असे मात्र आपण स्वतःच कबूल करू नये.

माझी खरी काळजी निराळी आहे. मोठा प्रकल्प आला की गावाकडच्या माणसाच्या वाट्याला ठरलेली कामे येतात: जमीन देणे, पहारा करणे, चहा नेणे. आत काय चालले आहे हे त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगत नाही. औंढ्याच्या बाबतीत हे होता कामा नये. यंत्राच्या नळ्यांतील निर्वात राखणे, वेल्डिंग, विद्युत उपकरणे, संगणक या कामांसाठी आपल्या भागातील आय. टी. आय. आणि तंत्रनिकेतनांतील मुलामुलींना आतापासूनच शिक्षण मिळावयास हवे. मार्च २०२४ मध्ये हिंगोली परिसराला भूकंपाचे धक्के बसले. तेव्हा लोकांच्या मनात जे प्रश्न आले त्यांना या यंत्राच्या जाणकारांनी मराठीत उत्तरे द्यावीत. वेधशाळेच्या दारात एक कायमचे मराठी प्रदर्शन असावे आणि तेथे शाखा न विचारता प्रवेश मिळावा. खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीस, खेड्यापाड्यांतील विद्यार्थी प्रयोग मांडतात आणि लोक दुर्बीण पाहावयास येतात. ही चाल औंढ्यालाही पहिल्या दिवसापासून पडावी.

सरकारकडे मागणे करून आपण हात झटकावेत असेही नाही. दहावीनंतर आपल्याकडे मुलांची जी वाटणी होते तिच्यात कला शाखेकडे आलेल्यांना जणू सांगितले जाते की, आकाश आता तुमचे नाही. हे कोणी ठरविले? १७८३ साली इंग्लंडमध्ये जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, लहानपणापासून बहिऱ्या असलेल्या मुलाने ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद होतो हे नुसत्या डोळ्यांनी पाहून, रोज नोंदी ठेवून सांगितले. एक अंधुक गोल त्याच्यासमोरून जात असावा अशी शक्यताही त्याने मांडली, आणि पुढे ती खरी ठरली. अल्गोल हा जोडताराच! थंडीच्या रात्री मुरुमच्या कोणत्याही गच्चीवरून तो दिसतो. आपल्या गावांबाहेरचा अंधार शहरातील विद्यार्थ्याला पैसे देऊनही मिळत नाही. तेव्हा आपल्या महाविद्यालयात एक वही घालावी, आणि इतिहास, मराठी, अर्थशास्त्र अशा कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने अल्गोलची नोंद ठेवावी, अशी माझी सूचना आहे. खर्च वहीचा आणि पेनाचा. यंदाची सहलही खोडदला जावी, अशी विनंती मी येथेच करून ठेवते.

भाषेविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. असे विषय मराठीत मांडता येत नाहीत ही समजूत जयंत नारळीकर यांनी आयुष्यभर लिहून खोटी ठरविली. ‘आयुका’ संस्थेची उभारणी करणारा हा शास्त्रज्ञ २०२१ च्या नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, तो काही केवळ मान म्हणून नव्हे. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांची जागा एकट्या कोणाला घेता येणार नाही. पण ते काम अनेकांनी वाटून घेता येईल, आणि तेथे भाषेचे विद्यार्थी लागतील. झोका, फुगडी, रांजण हे शब्द ज्याच्या जिभेवर आहेत, त्याने अनुनाद आणि कक्षा हे शब्द आपलेसे केले, तर गावातील म्हाताऱ्या माणसालाही या गोष्टी सांगता येतील. आजोबांना मी झोक्याचे उदाहरण दिले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘मंजे ताल सापडला पायजे म्हन की.’’ यापेक्षा नेमके वाक्य मला अद्याप कोणत्याही पुस्तकात मिळालेले नाही.

औंढा नागनाथाची एक कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू न देता मागे पाठविले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. कथेची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्याच औंढ्याच्या परिसरात आता ज्ञानाचे नवे देऊळ उभे राहत आहे, आणि मागे बसविलेल्यांची संख्या आजही थोडी नाही. दगडविटांची इमारत आपणहून फिरणार नाही. तिचे दार आपल्या दिशेला काढून घ्यावे लागेल. त्यासाठी आपल्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत, नोंदी ठेवता आल्या पाहिजेत आणि आपल्या भाषेत बोलता आले पाहिजे. ही तिन्ही कामे कला शाखेच्या विद्यार्थ्याला येत नाहीत, असे कोण म्हणेल?